पोकरमध्ये कॉल करायचा की पत्ते टाकायचे? आधी हिशोब मांडा

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात फ्लशच्या (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांच्या) आशेवर बसलेले बहुतेक जण एकाच आकड्यावर फसतात: ३५ टक्के. आकडा बरोबर आहे, वापरायची वेळ चुकते.

समजा, हातात बदामाचा एक्का आणि सत्ती आहे. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, आले बदाम राजा, बदाम तिर्री, किल्वर नव्वी. आधी आउट्स मोजा, म्हणजे डाव जुळवणारे पत्ते. बदामाची १३ पानं, दिसली ४, उरली ९. न दिसलेले पत्ते ४७. टर्नलाच, म्हणजे चौथ्या पत्त्यालाच, बदाम यायची शक्यता ९ भागिले ४७, म्हणजे १९ टक्के. टर्न आणि रिव्हर (पाचवा, शेवटचा पत्ता) दोन्ही धरले तर ३५. टेबलावर भागाकार कोण करत बसणार? एका पत्त्यासाठी आउट्सची दुप्पट, दोन पत्त्यांसाठी चौपट करा. एखाददुसऱ्या टक्क्याने काही अडत नाही. (बदाम नव्वीवर मात्र फार भरवसा नको. तिच्याने तुमचा फ्लश होतो, पण तीन राजे जमवून बसलेल्याचं फुल हाउसही होतं: तीन राजे, दोन नव्व्या, आणि ते फ्लशला भारी.)

आता किंमत. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या जमा रकमेत, ४०० होते, समोरच्याने २०० लावले. तुम्हीही तेवढेच २०० घातलेत (हाच कॉल) की पॉट ८०० चा. २०० भागिले ८००, म्हणजे २५ टक्के. शक्यता याहून जास्त असेल तर कॉल, कमी असेल तर फोल्ड, म्हणजे पत्ते टाका.

मग ३५ आहेत की, करू कॉल? घोळ इथेच होतो. समोरचा ऑल-इन गेला असेल, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या असतील, तरच याच २०० मध्ये दोन्ही पत्ते बघायला मिळतात. त्याच्याकडे चिप्स शिल्लक असतील तर टर्नला तो पुन्हा पैसे लावू शकतो आणि रिव्हरचे पैसे वेगळे पडतात. अशा वेळी १९ धरा. ते पुरत नाहीत.

तरी लगेच पत्ते टाकू नका. असे ४७ डाव कल्पा. ९ डावांत ६०० मिळाले: ५४००. ३८ डावांत २०० गेले: ७६००. तूट २२०० ची. म्हणजे फ्लश लागल्यावर समोरच्याकडून दर वेळी सरासरी २४५ च्या आसपास आणखी निघायला हवेत. राजाची जोडी घट्ट धरून बसणारा देईलही. टेबलावर तिसरा बदाम दिसताच आखडणारा देणार नाही. आणि त्याच्यापुढे तेवढ्या चिप्सच नसतील, तर सरळ फोल्ड.

भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळायला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. सराव घरच्या टेबलावर, नुसत्या चिप्सवर करा.