खोली भाड्याने घेताना आगीचा विचार

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे शिकवणीसाठी खोली घेणारे विद्यार्थी भाडे, पाणी आणि मेस यांची चौकशी करतात. जिन्याच्या दाराला रात्री कुलूप लागते का आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, हे मात्र क्वचितच विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असावा, कारण खिडक्यांना पक्के गज असले की बाहेर पडायला तो जिना एवढीच वाट उरते.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत, म्हणजे नेमका खाली अंथरलेल्या गाद्यांपाशी साचतो. म्हणून सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर असावी, रबरी नळीवर छापलेली मुदत वाचावी आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. वास आल्यास दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

उन्हाळ्यात कूलर आणि इंडक्शन शेगडी एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नये. विजेच्या आगीवर पाणी न टाकता, शक्य असल्यास मुख्य स्विच बंद करावा. धूर कोंडला असेल, तर खाली वाकून रांगत बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ ला पत्ता सांगताना जवळच्या मंदिराची किंवा दुकानाची खूणही द्यावी. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट लावू नये; वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे.