अँबॅसिडर-फियाटमध्ये एलईडी घालताय? आधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आजही कुणाच्या ना कुणाच्या शेडमध्ये अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी नाहीतर जुनी जीप उभी असते. दसऱ्याला झेंडूची माळ, लग्नसराईत एखादा फेरा आणि हौस म्हणून कधीतरी चोर्ला घाट. पावसाच्या धुक्यात मागच्या ट्रकवाल्याला आपला ब्रेक लाइट दिसत नाही हे एकदा लक्षात आलं की मालक एलईडी बल्ब आणतो. विचार चांगलाच आहे. साधा बल्ब पूर्ण उजेडाला यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी घेतो, एलईडी लगेच पेटतो; ताशी साठच्या वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी तीनेक मीटर पुढे येते. पण दुसऱ्याच दिवशी वायरमनकडे तक्रार जाते : “बल्ब घातलो, आता इंडिकेटर नुसता लागूनच ऱ्हातंय बघा की.”

याचं कारण बल्बात नाही. जुन्या गाडीत बल्ब हा नुसता उजेडाचा नव्हे, सर्किटचाही पुर्जा आहे. त्यातून किती करंट जातो यावर फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर उघडझाप करणारी डबी, चालतो, आणि काही गाड्यांत इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा डॅशबोर्डचा पायलट दिवाही.

जुना टिकटिक फ्लॅशर उष्णतेवर चालतो. आतल्या पट्टीतून किंवा तारेतून इंडिकेटरचा करंट जातो, ती तापते, संपर्क उघडझाप होतो. २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. पुढचा-मागचा मिळून साडेतीन. एलईडी जोडी यातला जेमतेम दहावा हिस्सा घेते. पट्टी तापतच नाही, मग फ्लॅशरच्या प्रकाराप्रमाणे दिवे एकतर अखंड पेटून राहतात किंवा पेटतच नाहीत. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असूनही दिवे दुप्पट वेगाने उडत असतील, तर तो करंट मोजणारा आहे आणि त्याच्या लेखी तुमचा एक बल्ब उडालेला आहे. इंडिकेटरचा वेग मिनिटाला ६० ते १२० असावा. घड्याळ लावून मोजा.

इथे बहुतेक जण लोड रेझिस्टर, म्हणजे मुद्दाम जादा करंट ओढणारा पुर्जा, लावायला धावतात. ६ ओहम, ५० वॅटचा, सोनेरी रंगाचा. चालतो, पण मला तो पटत नाही. दोन अँपिअर करंट तो नुसता उष्णतेत घालवतो, म्हणजे वाचवलेली वीज परत खर्ची. शिवाय इतका तापतो की हात लावला तर फोड येईल. प्लास्टिकच्या लॅम्प हाउसिंगला किंवा वायरच्या जुडग्याला चिकटवलेले रेझिस्टर लोकांच्या गाड्यांत सर्रास दिसतात. लावायचाच तर उघड्या पत्र्यावर स्क्रूने बसवा, आसपास वायर, कापड, रेक्झिन काही नको. त्यापेक्षा एलईडीसाठीचा, करंटवर अवलंबून नसलेला फ्लॅशर घ्या.

तो घेतानाही घोळ होतो. जुन्या तीन पिनांच्या फ्लॅशरवर बी, एल आणि पी अशा खुणा असतात : बी म्हणजे बॅटरीकडून येणारी, एल म्हणजे इंडिकेटर स्विचकडे जाणारी, पी म्हणजे पायलट दिव्याची. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरची तिसरी पिन मात्र अनेकदा अर्थची, म्हणजे बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेची, असते. पायलटची वायर तिच्यावर घातली तर फ्लॅशरची अर्थ त्या छोट्या बल्बातून जाते. इंडिकेटर कदाचित चालतात, पायलट मात्र अंधारात. तिसऱ्या पिनेची अर्थ बॉडीला थेट, स्वतंत्र वायरने द्या. आणि पिनेची जागा पाहू नका, खूण वाचा. जागा कंपनीगणिक बदलते. या गाड्यांत फ्यूज मोजकेच, काही वायरींवर फ्यूजच नाही. चुकीच्या पिनेवर लाइव्ह गेली तर आधी वायरचं रबर वितळतं.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो एकच पायलट दिवा. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, डॅशवर तोच हिरवा ठिपका. काही गाड्यांत या दिव्याला स्वतःची अर्थ नसते. त्याची एक वायर डाव्या इंडिकेटरला, दुसरी उजव्याला. डावा चालू केला की करंट पायलटमधून उजव्या बाजूच्या बल्बांत शिरतो आणि त्यांच्या तारेतून अर्थला जातो. तेवढ्या करंटने २१ वॅटची तार साधी लालही होत नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता. एलईडीला मात्र तेवढा करंट पुरतो. मग एक बाजू चालू केली की चारही कोपरे मिचमिच करतात. वायरमन स्विच बदलतो, फ्लॅशर बदलतो, मालक वैतागतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला नीटनेटका : पायलटच्या दोन्ही वायरी सोडवा, प्रत्येकीत १एन४००७ नंबरचा एकेक डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा पुर्जा) घाला, डायोडवरच्या पट्टीचं टोक दिव्याच्या बाजूला ठेवा, दोन्ही एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला द्या आणि दुसरं टोक बॉडीला अर्थ करा. दुसरा उपाय आळशी, पण मला आवडणारा : एलईडी फक्त मागे घाला, पुढचे इंडिकेटर साधे ठेवा. पुढची थंड तार पायलटचा परतीचा करंट गिळून टाकते, मागचा एलईडी मिचमिचत नाही. मागून येणाऱ्याला दिसणं हीच खरी गरज होती, ती भागली. फ्लॅशर मात्र इलेक्ट्रॉनिकच लागेल.

आता अर्थ. खानापूरच्या बाजूला पाऊस इतका की बंद शेडमध्येही होल्डर हिरवा-पांढरा होतो. साधा बल्ब गंजलेल्या अर्थवरही मिणमिणत राहायचा. एलईडी भलतीकडूनच रस्ता काढतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटणं, पार्किंग लावली की ब्रेक लाइट मंद दिसणं, ही अर्थचीच लक्षणं. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, ब्रेक दाबायला कुणाला तरी बसवा, एक टोक होल्डरच्या बाहेरच्या पत्र्याला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावा. एलईडी काढून साधा बल्ब घालूनच मोजा, कारण एलईडीच्या थोड्या करंटला खराब अर्थही चांगली भासते. रीडिंग ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर होल्डर घासा, नवी अर्थ वायर ओढा. रंग दिलेल्या पत्र्यावर स्क्रू आवळून अर्थ होत नाही, आणि नव्याने रंगवलेल्या गाड्यांत नेमकं हेच झालेलं असतं.

बल्ब विकत घेताना लाल काचेमागे लाल आणि पिवळ्यामागे पिवळा एलईडी घ्या. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग कमी असतो. काच बाकीचा अडवते आणि ब्रेक लाइट फिका गुलाबी दिसतो. टेल आणि ब्रेक एकाच बल्बात असतील तर त्याच्या बाजूच्या दोन टाचण्या खालीवर असतात. तो होल्डरमध्ये उलटा दाबून बसवू नका. मूळ बल्बात ५ आणि २१ वॅटचा फरक असतो. स्वस्त एलईडीत तो पुसट झालेला दिसतो, म्हणून दुकानातच दोन्ही पेटवून बघा. उजेड बाजूंनाही पडणारा निवडा. फक्त टोकाला चिप असलेला बल्ब दिव्याच्या आतल्या चकचकीत वाटीत अंधार ठेवतो.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. अशा गाडीत नेहमीचा एलईडी पेटत नाही आणि नेहमीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर जळू शकतो. वरचे डायोडही उलटे लागतात. जुन्या विलीज जीपमध्ये तर ६ व्होल्ट. बॉनेट उघडून आधी बॅटरी बघा, मग खरेदीला जा.

डायनमोच्या (अल्टरनेटरच्या आधीच्या जुन्या जनरेटरच्या) गाडीला एलईडीचा मोठा फायदा आहे : आयडलिंगला डायनमो फारसं चार्ज करत नाही, तेव्हा बॅटरीवरचा ताण कमी होतो. पण चार्जिंगचा व्होल्ट आवरणारा जुना रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्टच्या वर पाठवत असेल तर एलईडी आठवड्यात जातील. १० ते ३० व्होल्ट लिहिलेले बल्ब घ्या आणि रेग्युलेटर तपासून घ्या.

हेडलाइटला हे काही लागू करू नका. सात इंची गोल काच तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेली असते; तिच्यात एलईडी घातला की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आंबोलीच्या वळणांवर हे परवडणारं नाही. चांगला हॅलोजन आणि रिले बसवा.

पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून, म्हणजे नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेल्या खास मालिकेत, नोंदवायची असेल, तर काढलेला मूळ फ्लॅशर आणि बल्ब डब्यात घालून डिकीत ठेवा. वायर कुठून कुठे नेली ते कागदावर लिहून त्याच डब्यात टाका. पुढच्या वेळी हात घालणारा वायरमन दुसराच असेल.