आधी बेल्टचं बिल मागा
जुनी पोर्शे ९४४ टर्बो स्वस्तात मिळतेय म्हणून लगेच इसार देऊ नका. गाडी थंड असतानाच बघायला जा. बॉनेट गरम लागलं, तर मालकाने इंजिन आधीच का तापवलं ते विचारा. थोडा वेळ आयडलवर ठेवून एकदम रेस द्या. निळसर धूर आला तर टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याचं, सील गेलेलं असू शकतं. पण टर्बो बदलता येतो. खरी भीती टायमिंग बेल्टची, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याची! तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. बिल नसेल तर बेल्ट बदललाच नाही असं धरा. क्लचचंही विचारा, गिअरबॉक्स मागे असल्याने मजुरी जबर लागते. फाटक्या सीटचं काय, तेवढीच घासाघीस करता येते.