सी मध्ये टू-डी ॲरे मॅलॉकने कसा घ्यायचा

रो-कॉलम किती ते युजरने इनपुट दिल्यावरच कळणार असेल तर साइझ आधी लिहून चालत नाही. आणि हजार बाय हजारचा इंट ॲरे फंक्शनमध्येच डिक्लेअर केला तर 4 बाइटच्या हिशोबाने 40 लाख बाइट झाले, विंडोजवर स्टॅक (फंक्शनमधले व्हेरिएबल जिथे राहतात ती मेमरी) डिफॉल्टला 1 एमबीच असतो, प्रोग्राम तिथेच क्रॅश. म्हणून मॅलॉक, म्हणजे प्रोग्राम चालू असताना हवी तेवढी मेमरी मागून घेणारं फंक्शन.

बहुतेक नोट्समध्ये डबल पॉइंटरवाली पद्धत असते. आधी जितक्या रो तितक्या पॉइंटरसाठी एक मॅलॉक, मग लूप लावून प्रत्येक रोसाठी वेगळा मॅलॉक. यात पहिल्या मॅलॉकला साइझऑफ इंट लिहून बरेच जण फसतात, कारण तिथे इंट नाही, इंटचा पॉइंटर ठेवायचाय, 64 बिट मशीनवर तो 8 बाइटचा आणि इंट 4 चा, म्हणजे मिळाली निम्मीच जागा आणि कंपायलर अवाक्षर काढत नाही. त्यापेक्षा साइझऑफ स्टार ए (ए म्हणजे आपला पॉइंटर) लिहायची सवयच लावून घ्या, टाइप नंतर बदलला तरी ते बरोबर राहतं. फ्री करायचं, म्हणजे मेमरी परत द्यायची, ती उलट्या क्रमाने, आधी एकेक रो आणि शेवटी पॉइंटरचा ॲरे. नुसता ए फ्री केला तर सगळ्या रो लीक, म्हणजे त्यांची मेमरी अडकूनच राहते.

मला विचाराल तर हे करूच नका, सगळ्या रो सारख्या लांबीच्या असतील तर एकच ब्लॉक घ्या. रो गुणिले कॉलम एवढ्या इंटचा एक मॅलॉक, आणि इंडेक्स काढायचा आय गुणिले कॉलम अधिक जे (आय रोचा नंबर, जे कॉलमचा, दोन्ही 0 पासून). गुणायचं कॉलमनेच हं, रोने नाही! 3 रो 4 कॉलम असतील तर आय 2, जे 1 चा इंडेक्स 9 येतो. फ्री एकदाच, शिवाय डेटा सलग असल्याने कॅशेला (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीला) सोपं जातं, मोठ्या मॅट्रिक्सवर लूप फिरवताना फरक जाणवतो.

डबल ब्रॅकेटच (आय आणि जे वेगवेगळ्या चौकोनी कंसांत) हवेत? मग सी 99 (सी भाषेचं 1999 चं स्टँडर्ड) पासून इंट, कंसात स्टार ए, पुढे चौकोनी कंसात कॉलम असा पॉइंटर घेता येतो, मॅलॉकला रो गुणिले साइझऑफ स्टार ए द्यायचं, बस. गोल कंस विसरलात तर तो पॉइंटरचा ॲरे होऊन बसतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला मात्र हे चालत नाही, तिथे इंडेक्सवालीच पद्धत.

पद्धत कुठलीही असो, मॅलॉकने नल दिला का, म्हणजे मेमरी मिळालीच नाही का, ते बघायचंच, आणि सुरुवातीला सगळीकडे शून्य पाहिजे असेल तर कॅलॉक, मॅलॉकच्या मेमरीत आधीचा कचरा असू शकतो. लिनक्सवर असाल तर प्रोग्राम एकदा व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) खाली चालवा, एखादी रो फ्री करायची राहिली असेल तर किती बाइट लीक झाले ते सांगतो.