गणिताच्या पेपरातील निसटत्या चुका कशा टाळाव्यात

उत्तरपत्रिका हातात आल्यावर ‘हे तर मला येत होते’ असे वाटायला लावणाऱ्या चुकांना आपण सरसकट निष्काळजीपणा म्हणतो आणि ‘पुढच्या वेळी नीट लक्ष दे’ असे सांगून मोकळे होतो. माझ्या मते या सल्ल्याचा उपयोग होत नाही, कारण नेमके कशाकडे लक्ष द्यायचे हे त्यात सांगितलेलेच नसते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या चुका साधारणपणे तीन-चार ठरावीक जागीच होतात. म्हणून तपासलेल्या जुन्या उत्तरपत्रिका काढून गेलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढावे आणि परीक्षेआधी तेवढेच पान वाचावे.

बहुतेकांच्या यादीत चिन्हाची चूक सर्वांत वर असते, विशेषतः कंसाबाहेर वजाचिन्ह असताना. ७ − ३(क्ष − ४) = १० हे समीकरण घ्या. कंस सोडवल्यावर ७ − ३क्ष + १२ मिळते आणि क्ष = ३ येतो; पण घाईत − १२ लिहिले गेले, तर क्ष = −५ येतो आणि पुढच्या पायऱ्या इतक्या सुरळीत जातात की शंकाही येत नाही. अशा वेळी केलेले गणित पुन्हा वाचून फारसे साधत नाही, कारण डोळ्यांना तेथे काय असायला हवे तेच दिसते. त्याऐवजी आलेली किंमत मूळ समीकरणात ठेवावी: −५ ठेवल्यास डावी बाजू ३४ होते आणि चूक अर्ध्या मिनिटात उघडी पडते. कंस सोडवणे आणि पदे एकत्र करणे ही दोन कामे एकाच ओळीत करू नयेत, तसेच −३² म्हणजे −९ आणि (−३)² म्हणजे ९ हा भेद लिहितानाच मनात ठेवावा.

आकडेमोडीसाठी आधी अंदाज बांधावा. ४८ × ५२ हा गुणाकार २५००च्या जवळपास असणार हे ठाऊक असेल, तर २४९६ ऐवजी २९४६ लिहिलेले लगेच खटकते. अंकांची बेरीज करून नऊने पडताळण्याची जुनी रीत येथे मात्र फसते, कारण अंकांची अदलाबदल झाली तरी त्यांची बेरीज तीच राहते.

प्रश्न वाचताना त्रिज्या दिली आहे की व्यास, आणि उत्तर कोणत्या एककात मागितले आहे, या शब्दांखाली रेघ ओढावी. १ चौरस मीटर म्हणजे १०० नव्हे, तर १०,००० चौरस सेंटिमीटर, हे ऐन परीक्षेत हमखास विसरले जाते. कच्चे काम पानाच्या उजव्या बाजूला, प्रश्नक्रमांक घालून आणि सुवाच्य अक्षरात करावे, कारण स्वतःचाच १ पुढच्या ओळीत ९ म्हणून उतरवला जाणे ही वाटते तितकी दुर्मीळ गोष्ट नाही.

शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि त्या वेळात पहिल्या प्रश्नापासून सगळे वाचत बसण्याऐवजी आपल्या यादीतील चुका जेथे होऊ शकतात, तेवढ्याच जागा तपासाव्यात. एखादे उत्तर बदलावेसे वाटले, तर नेमकी कोणती पायरी चुकली आहे हे बोट ठेवून दाखवता आल्याशिवाय आधीचे खोडू नये.