गुठळी आवळते का? प्लेटलेटची परीक्षा एका काचेच्या नळीत

प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. त्यांचा काउंट अडीच लाख, तरी हिरड्यांचं रक्त थांबत नाही. अशा वेळी आकड्यावर विसंबू नका. प्लेटलेट किती ते मशीन सांगतं; त्या ओढतात का, ते गुठळी दाखवते. जीपी टू-बी थ्री-ए या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरने प्लेटलेट फायब्रिनची, म्हणजे गुठळीतल्या प्रथिनाच्या धाग्यांची, जाळी धरतात आणि आतल्या अ‍ॅक्टिन-मायोसिन या आकुंचन पावणाऱ्या प्रथिनांच्या जोरावर ती आवळतात. पिळून निघतं ते पिवळसर पाणी म्हणजे सिरम. मोजायचं तेच.

खुणांची काचेची सेंट्रिफ्यूज ट्यूब घ्या, लख्ख धुऊन वाळवलेली. मळकट काचेला गुठळी चिकटून बसते. बुचात वेटोळं केलेली तार बसवा. ५ मि.ली. रक्त थेट ट्यूबमध्ये सोडा, ईडीटीए-सायट्रेटसारखं रक्त न गोठू देणारं रसायन काही नको. लाल झाकणाची प्लास्टिकची ट्यूब हाताशी असते, पण तिच्यात रक्त लवकर गोठवणारा क्लॉट अ‍ॅक्टिव्हेटर असतो, म्हणून ती टाळा. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा. गोठल्यावर १ तासाने तार अलगद उचला, गुठळी मिनिट-दोन मिनिटं निथळू द्या आणि उरलेलं सिरम वाचा. २.७ मि.ली. आलं तर ५ मि.ली. रक्ताच्या ५४ टक्के. ४८ ते ६४ ठीक.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये वेगळीच पंचाईत. बाथला हीटर असतो, कूलर नसतो. खोली ४१ वर गेली की पाणीही चढतं. थर्मामीटर पाण्यातच ठेवा, लागेल तसं गार पाणी घाला.

पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के, हे बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडू नका. अ‍ॅनिमियात पेशीच कमी, त्यामुळे सिरम फुगून दिसतं. पीसीव्ही ६० असेल तर चांगल्या प्लेटलेटही नापास ठरतात.

काउंट लाखाखाली असला की गुठळी तशीही नीट आवळत नाही. डेंग्यूच्या पेशंटवर ही तपासणी वाया. काउंट चांगला आणि गुठळी ढिम्म, तर १९१८ साली ग्लान्झमान या डॉक्टरने वर्णन केलेला प्लेटलेटचा आनुवंशिक आजार, ग्लान्झमान थ्रॉम्बॅस्थेनिया, मनात आणा. तो आईबाप दोघांकडून येतो. आपल्याकडे मामा-भाचीची लग्नं होतात, तेव्हा नात्यातलं लग्न आहे का, हे जरूर विचारा. पुढे अ‍ॅग्रिगेशन, म्हणजे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात का ही तपासणी: एडीपी, कोलॅजेन या चेतवणाऱ्या द्रव्यांना प्रतिसाद नाही, रिस्टोसेटिनला आहे. पक्कं करायला फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरचे रेणू मोजणारी तपासणी) सीडी४१, सीडी६१, म्हणजे त्याच रिसेप्टरचे दोन भाग, बघा.

उलट गुठळी छान आवळली म्हणून पेशंटला मोकळं करू नका. हिमोफिलियात, अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यातही ती बहुधा आवळतेच. आणि इवलीशी गुठळी, तळाला सुट्या लाल पेशींचा गाळ असं दिसलं, तर प्लेटलेट सोडा, आधी फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून फायब्रिन बनतं ते प्रथिन, मोजा.