टाकीचा श्वास डिकीत नको

वास पहिल्यांदा मला नाही, मागच्या सीटवरच्या धाकट्या बहिणीला आला. "दादा, पेट्रोलचा वास येतोय," असं ती दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा मी "जुनी गाडी आहे, येणारच" म्हणून उडवून लावलं. तिसऱ्या दिवशी डिकी उघडली तर भपकाराच आला. मूळ टाकी काढून डिकीत ॲल्युमिनियमची टाकी बसवली होती, काम माझंच. व्हेंटचा, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायच्या तोंडाचा, होज स्टेपनीमागे नुसता सोडला होता, नंतर बाहेर काढू म्हणून.

व्हेंटला बूच मारून प्रश्न सुटत नाही. तेही मी करून बसलोय. पंप पेट्रोल ओढतो तेवढी हवा आत यावी लागते; ती आली नाही की गाडी थोड्या वेळाने आचके देते, आणि झाकण उघडलं की फुस्स आवाज होऊन पुन्हा शहाण्यासारखी चालते. उलट उन्हात पेट्रोल फुगतं. तापमान २० अंशांनी वाढलं तर ५० लिटरचं जवळजवळ ५१ होतं. रिटर्न लाइन असलेल्या इंजेक्शनच्या गाडीत इंजिनपाशी तापलेलं पेट्रोल टाकीत परत येतं, ती उष्णता वेगळीच. म्हणून टाकी काठोकाठ भरू नका.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे डिकीच्या तळाशी साचते. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की रिलेची (विजेच्या स्विचची) एक ठिणगी पुरते. माझी बॅटरीही त्याच डिकीत होती. पुढचं सांगत नाही.

काम मोकळ्यावर करा, गॅरेजच्या खड्ड्यावर नको. वाफ खड्ड्यात उतरते. इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. आणि रिकामी टाकी म्हणजे निर्धोक टाकी असं समजून तिला वेल्डिंग लावू नका. भरलेलीपेक्षा ती जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

व्हेंट टाकीच्या सर्वांत उंच जागेवरून घ्या आणि तिथेच रोलओव्हर व्हॉल्व्ह (गाडी उलटली तर पेट्रोल अडवणारा) उभा बसवा. नवा, कोरडा व्हॉल्व्ह आधी फुंकून बघा: सरळ धरला की हवा जाते, उलटा केला की अडते. तिथून होज वर चढवा, पेट्रोल भरायच्या तोंडापेक्षा उंच न्या, मग डिकीच्या दुसऱ्या बाजूला वळवून खाली उतरवा. गाडी कुठल्याही कुशीवर पडली तरी होजचा एखादा भाग पेट्रोलच्या वर राहिला पाहिजे. मधे झोळ पडू देऊ नका. माझ्या होजला पडलेल्या झोळात वाफ गार होऊन पेट्रोल साचलं होतं आणि व्हेंट अर्धा बंदच होता.

शेवट फरशीतून बाहेर काढा, सायलेन्सर आणि चाकापासून लांब. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवाच, नाहीतर पत्रा होज कापतो. टोक तिरकं कापून जाळी लावा.

रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीला मात्र वाफ हवेत सोडणं बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही, तिथे कोळशाचा कॅनिस्टर, म्हणजे वाफ शोषणारा डबा, लागतो. दुसऱ्या गाडीचा चालतो. तुमच्या टाकीएवढ्या किंवा मोठ्या टाकीच्या गाडीचा घ्या. टाकीची वाफ त्यात शोषली जाते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्हमधून (ही वाफ इंजिनाकडे सोडणारा व्हॉल्व्ह) मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांकडे, ओढली जाऊन जळते. द्रव पेट्रोल आत गेलं की कोळसा वाया जातो, म्हणून कॅनिस्टर टाकीपेक्षा उंच ठेवा. त्याच्या ताज्या हवेच्या तोंडाला फिल्टर लावा. कोळी जाळं विणतात, धूळ बसते. टर्बो बसवला असेल तर पर्ज लाइनमध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह घाला, नाहीतर बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, उलटा कॅनिस्टरकडे, तिथून टाकीत जातो.

होजवर पैसे वाचवू नका. पाण्याच्या रबरी पाइपातून वाफ आरपार झिरपते. एसएई ३०आर७ (पेट्रोलच्या होजचं मानक) छापलेला किंवा आतून पीटीएफई (टेफ्लॉन) असलेला घ्या. तपासायची रीत साधी: स्वच्छ सुती फडकं होजवरून घासायचं आणि नाकाशी धरायचं. माझ्या जुन्या होजच्या जोडाला वास नव्हता, मधल्या सरळ भागाला होता. क्लॅम्प उगाच दहा वेळा आवळले होते.

डिकी आणि सीट यांच्यामध्ये पत्र्याची भिंत घालून भोकं बुजवा. स्पीकरसाठी मीच पाडलेली दोन मोठी भोकं मला शेवटी आठवली.

हे सगळं झाल्यावर गाडी रात्रभर बंद ठेवली आणि सकाळी आधी बहिणीला डिकी उघडायला लावली. तिने दोनदा हुंगलं. "रबराचा वास येतोय," म्हणाली. नवा होज होता.